तोडलेला ऊस आणि बाळाचे दात



तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात सांगतो. फडात पडून राहिला की कापल्या जागेतून जंतू शिरतात, साखर खातात, रस आंबवतात व चिकट डिंक करतात. वजन घटते, उतारा पडतो. हे तुम्हांस पाठच आहे. आज तोच धडा बाळाच्या दातांविषयी.

तोंडातही असेच जंतू असतात. साखर मिळाली की ते आम्ल करतात आणि चिकट थर करून दाताला धरून बसतात. आम्लाने दाताचे कवच झिजते. लाळ हे आम्ल मारते, पण त्यास अर्धा-पाऊण तास लागतो. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणून साखर किती दिली इतकेच पाहून भागत नाही. ती किती वेळा दिली व दातावर किती वेळ राहिली, हेही पाहावे लागते.

थोरल्या मुलीच्या वेळी आम्हीच चुकलो. पोर रडू नये म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन निजवायचे. दीड वर्षाची असताना वरच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे दिसले. दुधाचे डाग असतील म्हणून सोडून दिले. पुढे ते दात काळे पडून झिजले. रात्र रात्र पोर रडे. "पट्टे दिसले तेव्हाच आणली असती तर कीड थांबवता आली असती," असे डॉक्टर म्हणाले.

दुधाचे दात पडणारच, असे म्हणू नका. मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात.

तरी एवढे करावे :

१. दात येण्याआधी हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तेव्हापासून सकाळी व निजताना मऊ ब्रश फिरवावा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. राख, मशेरी नको.

२. दोन वर्षांपर्यंत साखर, गूळ, उसाचा रस देऊ नये. वर्षाच्या आत मध मुळीच चाटवू नये. त्यातून बाळास जीवघेणा आजार होऊ शकतो. अंगावरचे दूध मात्र चालू ठेवावे.

३. बाटली तोंडात ठेवून निजवू नये.

४. बाळाचा चमचा आपण चाटू नये. आपल्या तोंडातले जंतू त्याच्या तोंडात जातात.

५. महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहावे. पांढरा पट्टा दिसताच दाताच्या डॉक्टरांकडे न्यावे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही दात दाखवावेत. जालन्याचे जिल्हा रुग्णालय व छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

आणखी एक. अंबड-घनसावंगीच्या फडांत आई ऊस तोडते, बाळ झोळीत असते. रडू लागले की साखरपाण्याची चिंधी तोंडात जाते. आपल्या फडावरच्या टोळीलाही हे समजावून सांगा.

साखरेवर आपली घरे चालतात. म्हणूनच ती बाळाच्या तोंडापासून दूर ठेवा, हे सांगण्याचे काम पहिले आपले.

— ऊस विकास अधिकारी