कोळशापासून तेल : हायड्रोजन वेळेत मिळाला तरच



बॉयलरमध्ये आपण बगॅस जाळतो, काही ठिकाणी कोळसाही जाळतात. जाळल्यावर मागे राख उरते, हे आपण पाहतोच. पण त्याच कोळशाचे तेलही करता येते. जर्मनीचे फ्रिडरिश बेर्गिउस यांनी १९१३ साली त्याचे पेटंट घेतले, आणि १९३१ साली कार्ल बॉश यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे घडते कसे, ते समजून घेऊ.

कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडझाडोऱ्याचे अवशेष. त्यात कार्बनच्या सहा-सहा अणूंची कडी असतात. अशा कड्यांचे गट एकमेकांना लहान लहान पुलांनी जोडलेले असतात. कडी भक्कम, पूल मात्र कच्चे. हवा न लागू देता कोळसा ४०० ते ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की हे कच्चे पूल आधी तुटतात.

खरी गोम पुढेच आहे. पूल तुटला की दोन्ही टोके मोकळी पडतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ती फार उतावळी असतात. जवळ हायड्रोजन नसेल तर एकमेकांनाच चिकटतात, आणि तेलाऐवजी कोक होऊन बसतो. आपल्या तोडलेल्या उसासारखेच म्हणा ना! ऊस तोडला, पण गाळपाला उशीर झाला, की उतारा घटलाच.

म्हणून कोळशाची पूड टेट्रालिनसारख्या द्रवात मिसळतात. नॅप्थलीन, म्हणजे ज्याच्या डांबरगोळ्या करतात ते, त्याला हायड्रोजनचे चार अणू जोडले की टेट्रालिन होते. ते आपले चार अणू मोकळ्या टोकांना देऊन टाकते आणि पुन्हा नॅप्थलीन होते. टोके शांत होतात, तुकडे लहानच राहतात आणि द्रवात विरघळतात. मागाहून त्या द्रवाला पुन्हा हायड्रोजन भरून कामाला लावतात. सोसायटीच्या पीककर्जाचे नवेजुने करावे, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत टेक्सासमधील बेटाउन येथे १९८० ते १९८२ मध्ये रोज २५० टन कोळसा घेणारा असा प्रायोगिक कारखाना चालला. चीनमध्ये ऑर्डोस येथे २००८ साली मोठा कारखाना सुरू झाला.

मग सगळीकडे असे कारखाने का नाहीत? कारण हायड्रोजन फुकट मिळत नाही. तो बहुधा कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासूनच काढावा लागतो. त्याला खर्च येतो आणि धूरवायूही वाढतो. खनिज तेल स्वस्त झाले की हा धंदा तोट्यात जातो.

तेव्हा कोणी म्हणाले, "कोळशाचे तेल स्वस्तात करून देतो," तर त्याला एकच विचारावे : बाबा रे, हायड्रोजन कुठून आणणार, आणि काय भावाने?