नौबादच्या सुरंगबावीवरून

अमेरिकेतील बीव्हर हा प्राणी काटक्या-चिखलाचा बांध घालून ओढा अडवितो, हे आपण प्राणिशास्त्रात वाचतो. बिदरजवळ नौबादला माणसाने उलटी युक्ती योजिली. तेथे पाणी अडविले नाही. त्याला जमिनीखालून वाट करून दिली.

ती वाट मी वरून चालत पाहिली. थोड्याथोड्या अंतरावर उभ्या विवरांची तोंडे लागतात. खोदलेली माती वर काढण्यासाठी व आत हवा-उजेड जाण्यासाठी ती पाडली. १५ व्या शतकात, बहामनी काळात, इराणी पद्धतीने झालेले हे काम 'करेझ' अथवा 'सुरंगबावी' म्हणून ओळखले जाते.

बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. पावसाचे पाणी त्याच्या छिद्रांतून मुरते आणि खालच्या काळ्या पाषाणावर थबकते. तेथून भुयार मंद उताराने नेले की मोटेवाचून पाणी वाहते.

म्हणूनच एका विवरात कचरा टाकणे म्हणजे केवळ खड्डा भरणे नव्हे. साऱ्या भुयाराचा श्वास कोंडणे होय. बीव्हर आपला फुटलेला बांध पुन्हा बांधतो. आपण पूर्वजांचे काम निदान बुजवू तरी नये!