सुरक्षा-फुग्याची नाडीपरीक्षा

ऑगस्ट 2019 मधील महापूर कोल्हापूरकर सहजासहजी विसरणार नाहीत. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे; त्या वेळी पाणी 55 फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि सखल भागातील गाड्यांत पाणी शिरले.

समजा, अशीच एक मोटार बावड्यातील एखाद्या गॅरेजमध्ये आली आहे. पाणी तिच्यात जेमतेम वीतभर चढले होते. गाडी धुतली, वाळवली, इंजिनही सुरू झाले. पण काही महिन्यांनी चालकासमोर एक तांबडा दिवा पेटला तो विझेचना. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असे चित्र त्या दिव्यावर आहे. हा एअरबॅगचा, म्हणजे सुरक्षा-फुग्याचा दिवा. गाडी तर नीट चालते. मग दुर्लक्ष केले तर काय बिघडेल? मित्रांनो, हा दिवा पेटलेला असताना अपघात झाला तर फुगा उघडेलच याची खात्री देता येत नाही!

प्रथम फुग्याचे कार्य समजून घेऊ. टक्कर होताच संवेदक नियंत्रक-पेटीला खबर देतात. पेटी फुग्यामागच्या ज्वलकात विद्युतप्रवाह सोडते. ज्वलकातील अतिशय बारीक तार तापते, तिच्याभोवतीचे मिश्रण पेट घेते, वायू तयार होतो आणि सुमारे 30 मिलिसेकंदांत फुगा भरतो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता खरा प्रश्न असा, की फुगा न उडवता त्याची तार शाबूत आहे हे पेटीला कळते कसे? वैद्य जसा नाडी पाहतो, तशी ही पेटी तारेतून अगदी थोडा प्रवाह सोडून पाहते. येथे तुमच्या पाठ्यपुस्तकातला ओहमचा नियम उपयोगी पडतो. ज्वलकाचा रोध साधारण 2 ओहम असतो. तपासणीचा प्रवाह 0.05 अॅम्पिअर धरला, तर विभवांतर 0.05 × 2 = 0.1 व्होल्ट भरेल. आता जोडणीवर गंज चढून 3 ओहम रोध वाढला असे समजा. एकूण रोध 5 ओहम, म्हणून विभवांतर 0.25 व्होल्ट. पेटीला आकडा चुकीचा दिसतो आणि ती दिवा पेटवते. तार तुटली तर प्रवाहच वाहत नाही. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध जवळजवळ शून्य दिसतो.

पण या तपासणीनेच फुगा का उडत नाही? तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्वलक पेटवायला सुमारे 1.2 अॅम्पिअर लागतात, म्हणजे तपासणीच्या 24 पट. उष्णता मात्र 24 × 24 = 576 पट!

आता दोष शोधू. स्कॅनर लावला की कोणत्या फुग्याच्या मंडलात रोध जास्त आहे, हे कळते. पण नेमका कोठे, हे कळत नाही. तो शोध कारागिराचा. तो प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवतो आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबतो. कारण बॅटरी काढली तरी पेटीतील कपॅसिटरमध्ये ज्वलक पेटवण्याइतका भार काही काळ शिल्लक असतो. मग तो सीटखाली पाहतो. बाजूच्या फुग्याचे आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे पिवळे कनेक्टर बहुधा तेथेच असतात. वीतभर पाणीही त्यांना पुरते. आतल्या पिनांवर चिखलाचा थर किंवा हिरवट गंज दिसला, तर संशय बळावतो.

तरी अंदाजावर थांबायचे नाही. फुगा सोडवून त्याच्या जागी तेवढ्याच रोधाचा, कंपनीने नेमून दिलेला नकली भार जोडायचा आणि बॅटरी लावून पुन्हा तपासायचे. दोष नाहीसा झाला, तर तो फुग्याच्या बाजूला होता. तसाच राहिला, तर तारेत, कनेक्टरमध्ये किंवा पेटीत आहे. असे मंडलाचे भाग पाडत गेले की दोषाची जागा सापडते.

येथे एक फसगत होते. कनेक्टर काढून पुन्हा बसवला, की पिना घासल्या जाऊन दिवा तात्पुरता विझतो. कारागीर खूश, मालकही खूश! पण गंज तसाच असतो. खड्ड्यातून गाडी उसळली की रोध पुन्हा वाढतो. म्हणून खराब कनेक्टर बदलणे हाच खरा उपाय. दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे. उलट चावी फिरवताच हा दिवा काही क्षण पेटून विझला पाहिजे. तो मुळी पेटतच नसेल, तर तोही दोषच!

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. फुग्याच्या टोकांना मल्टिमीटर लावू नका. रोध मोजताना मीटर स्वतःच प्रवाह सोडतो, हे विसरू नका. गाडीतील हे काम प्रशिक्षित कारागिराचेच आहे.

तुमच्यासाठी वर्गातला प्रयोग वेगळा आहे. दोन लोखंडी खिळे मिठाच्या पाण्यात भिजवून चांगले गंजू द्या. विजेरीचा दिवा, दोन सेल आणि तारा घेऊन मंडल तयार करा. त्यात हे खिळे एकमेकांना टेकवून जोडणी पुरी करा. दिवा मंद पेटेल किंवा पेटणारच नाही. खिळे हलवा, घासा, आणि दिवा कसा लुकलुकतो ते पाहा. शेवटी खिळे पॉलिशपेपरने लख्ख करा. प्रत्येक वेळी खिळ्यांच्या जोडणीवरील विभवांतर मोजून वहीत लिहा.

आता सांगा पाहू : नकली भार जोडल्यावरही पेटीला रोध शून्याजवळ दिसला, तर दोष कोणत्या बाजूला शोधाल, आणि कोणता?