लिनक्स बसवण्यापूर्वी विंडोजमध्ये काय पाहावे : विक्रोळीतील एका फॉरमॅटच्या निमित्ताने

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी बसवून, यंत्र सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडता येण्याच्या व्यवस्थेला ड्युअल बूट असे म्हणतात. यातला लिनक्स बसवण्याचा भाग सोपा असतो. घात होतो तो त्याआधी विंडोजमध्ये करायच्या राहून गेलेल्या कामांमुळे. तरीही बिघाडाचे खापर लिनक्सवर फोडून मोकळे होण्याची रीत दुरुस्तीच्या दुकानांत पडलेली आहे.

या कामांपैकी सर्वांत दुर्लक्षित काम एन्क्रिप्शनचे, म्हणजे डिस्कवरील मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात ठेवण्याच्या सोयीचे आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर, अगदी विंडोजच्या होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच ही सोय न विचारता चालू होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. ते खाते कोणाचे, हा प्रश्न मात्र खरेदीच्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातील प्रस्तुत लेखकाच्या लॅपटॉपवर ते खाते विक्रेत्याचे होते. यंत्र ताब्यात देण्यापूर्वी ‘सगळे सेट करून’ देताना त्याने स्वतःचाच ईमेल वापरला होता. लिनक्सच्या तयारीसाठी सिक्युअर बूट, म्हणजे केवळ सही असलेलाच प्रारंभिक प्रोग्राम चालू देणारी व्यवस्था, बंद केली गेली आणि विंडोजऐवजी निळ्या पडद्यावर घरात कोणी कधी न पाहिलेल्या ४८ अंकांची मागणी उभी राहिली. तोवर लिनक्सचा एक बाइटही डिस्कवर गेलेला नव्हता, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवणे आवश्यक आहे, कारण विक्रेत्याचे पहिले वाक्य “लिनक्स टाकायला गेलात ना?” हे होते आणि दुसरे, “फॉरमॅट मारावा लागेल.” किल्ली त्याच्याच खात्यात असू शकते, असे सुचवल्यावर त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसल्याचे त्याने मोबाइलवरची नजर न काढता सांगितले. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाच्या सभांची इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार त्या फॉरमॅटमध्ये गेला. प्रत काढून ठेवलेली नव्हती, हा दोष लेखकाचा, आणि तो मान्य आहे.

खरा सल उरला तो नंतर वाचनातून कळलेल्या गोष्टीचा. डिस्कची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम हा सुरक्षा-घटक सांभाळतो आणि यंत्र सुरू होण्याची स्थिती पूर्वीसारखीच असेल तरच ती सोडतो. म्हणून सिक्युअर बूट पुन्हा चालू केले असते, तर विंडोज बहुधा काही न विचारता उघडली असती. एवढे करून पाहायला दोन मिनिटे पुरली असती. शिवाय उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या आवृत्त्या सिक्युअर बूट चालू असतानाही बसतात, त्यामुळे ते बंद करण्याचीच गरज नव्हती. “लिनक्स इथे कोणाला जमत नाही,” असे विक्रेत्याने ऐकवले होते. विक्रोळी पश्चिमेला लागून असलेल्या पवईच्या आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही तयार केले आहेत, हे त्याला ठाऊक नसावे.

म्हणून लिनक्सला हात घालण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि एन्क्रिप्शन स्थगित करावे किंवा पूर्ण काढून टाकावे. फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असता ‘शट डाउन’नंतरही विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि तिच्या पार्टिशनवर लिनक्सने लिहिणे धोक्याचे ठरते. लिनक्सची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी. डिस्क रिकामी दिसूनही जागा कमी सुटत असेल, तर हायबरनेशनची आणि पेजिंगची फाइल आड येत असते. डिस्क हाताळण्याची इंटेलची आरएसटी पद्धत चालू असल्यास लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क अनेकदा दिसत नाही, पण बायोसमध्ये ती थेट बदलल्यास विंडोज उठत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करून मगच बायोसमध्ये एएचसीआय ही दुसरी पद्धत निवडावी. नंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नये, कारण लिनक्स यंत्रातील घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक समजते.

दोष नेहमी लिनक्सचाच नसतो, याचा पुरावा ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाला: त्या महिन्याच्या विंडोज अद्यतनानंतर ड्युअल बूट असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना, आणि त्या वेळी बिघाड मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा होता.

फॉरमॅटचे पैसे रोख घेऊन परत दिलेला लॅपटॉप घरी आल्यावर सेटिंग्जमधील खात्याचे पान उघडले, तेव्हा तेथे पुन्हा विक्रेत्याचाच ईमेल होता.