संगणकातील उष्णता आणि पाणी

संगणकाला पाण्याने थंड ठेवण्याची कल्पना नवी नव्हे. ॲपलच्या पॉवर मॅक जी-५ मध्ये ती २००४ सालीच आली होती. प्रोसेसर घेतो ती जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की अनेक प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात. ‘संगणक अडकतो’ या पालकांच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापविण्यास ४.१८ ज्यूल लागतात, तेवढ्याच हवेस सुमारे १. म्हणून पंपाने फिरविलेले पाणी प्रोसेसरवरील तांब्याच्या ठोकळ्यातून उष्णता सहज उचलते आणि रेडिएटरपर्यंत नेते. पुढचे काम मात्र पंख्याचे व खोलीतल्या हवेचेच! खोली ४० अंशांवर असेल, तर पाणी त्याखाली उतरणार नाही. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

म्हणून महागडा संच घेण्याआधी पंख्यातील धूळ काढावी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी आणि तापमान पुन्हा मोजावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. खर्च बहुधा तेथेच टळतो.