महिन्याचे आरोग्यसंदेश : मसुदा यंत्राचा, सही आपली

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या संघटनेच्या बैठकीत फेसबुक पान आणि व्हॉट्सॲप वाहिनी सांभाळण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. वयाने मी ज्येष्ठ, पण या माध्यमांत अगदीच नवखा. तोवर आपल्या पानावर सणांच्या शुभेच्छा, सत्काराची छायाचित्रे आणि अधूनमधून एखादा आरोग्यविषयक मजकूर एवढेच येत असे. जुलैपासून सोमवार, बुधवार व शुक्रवार असे नियमित संदेश द्यावयाचे ठरले. म्हणजे महिन्याला तेरा. रात्रीची ओपीडी आटोपून दहाला घरी पोहोचणाऱ्या माणसाने एवढे लेखन करावयाचे केव्हा? एका तरुण सहकाऱ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा मार्ग सुचविला. त्या एका महिन्यात जे शिकलो ते, झालेल्या चुकीसह, सभासदांपुढे ठेवीत आहे.

१. आधी आपले टाचण, मग यंत्र

पहिल्या दिवशी मी यंत्राला एवढेच सांगितले की, डॉक्टरांच्या संघटनेसाठी जुलै महिन्याचे संदेश तयार करावेत. मिनिटभरात एकतीस दिवसांचे वेळापत्रक समोर आले. भरपूर पाणी प्या, व्यायाम करा, हसत राहा! मजकूर गोड होता; परंतु त्यात बेळगाव नव्हते, पाऊस नव्हता आणि आपला रुग्णही नव्हता. शिवाय दोन सूचना अशा होत्या की, त्या स्वीकारल्या असत्या तर आपणच अडचणीत आलो असतो. १ जुलैच्या डॉक्टर दिनानिमित्त ‘शहरातील सर्वोत्तम डॉक्टर’ ही मालिका आणि दर रविवारी एका बऱ्या झालेल्या रुग्णाची चित्रफीत! भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार जाहिरातीद्वारे रुग्ण आकर्षित करणे निषिद्ध आहे आणि रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयीच्या तरतुदींसह नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. त्यामुळे २००२ चीच संहिता लागू राहिली. यंत्राला व्यापारी जाहिरात आणि वैद्यकीय लोकशिक्षण यांतील भेद आपण सांगितल्याखेरीज कळत नाही, हा पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी मी आधीच्या जुलैचे रुग्णनोंदीचे पुस्तक काढले आणि कागदावर टाचण केले. जुलाब-उलटी, ताप, कुत्र्याचे चावे, कावीळ, भातलावणीहून आलेल्यांच्या पायांच्या भेगा आणि जखमा. यंत्राला दिली ती केवळ आजारांची यादी. नाव, गाव, अहवाल किंवा छायाचित्र यांतले काहीही दिले नाही. कारण तेथे लिहिलेला मजकूर आपल्या दवाखान्याबाहेर जातो. मग सांगणे असे केले : “बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांसाठी लिहावे. वाचक सातवी-आठवी शिकलेला आहे. एका संदेशात एकच गोष्ट, साठ शब्दांच्या आत. औषधाचे व्यापारी नाव नको, कोणा डॉक्टरचे नाव नको. कोणत्या लक्षणावर तातडीने रुग्णालयात जावे, हे शेवटच्या ओळीत यावे.” या वेळी हाती आलेला मसुदा कामाचा होता.

२. चार आठवड्यांची आखणी

पहिला आठवडा पाण्याचा आणि चाव्यांचा. ६ जुलै हा प्राणिजन्य रोगांचा दिवस. १८८५ साली याच दिवशी लुई पाश्चर यांच्या रेबीजप्रतिबंधक लसीची पहिली मात्रा नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला देण्यात आली. संदेश मात्र इतिहासाचा नव्हता : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, चुना, हळद, मिरची लावू नका, त्याच दिवशी लस सुरू करा.

दुसरा आठवडा भातलावणीचा. पायाला जखम असताना चिखलात उतरण्यातला लेप्टोचा धोका आणि सर्पदंश. दंशाच्या जागी कापू नये, आवळून बांधू नये, तो अवयव न हलविता रुग्णालय गाठावे.

तिसरा आठवडा डेंग्यूचा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये, आणि ताप उतरला म्हणजे धोका टळला असे समजू नये. त्याच सुमारास पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी आल्यास थांबू नये.

चौथा आठवडा जुलाबाचा आणि काविळीचा. २८ जुलै हा जागतिक यकृतदाह दिन, हिपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावणाऱ्या बरूच ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ अधिक महत्त्वाची. म्हणून उकळलेल्या पाण्याचा संदेश त्या दिवशी ठेवला.

३. अर्धा चमचा मीठ

येथेच चूक झाली. ओआरएसचे पाकीट घरात नसल्यास काय करावे, या संदेशाचा मसुदा मी रात्री साडेअकराला वाचला. ‘सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, स्वच्छ पाणी’ हे शब्द परिचयाचे असल्याने नजर पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो आपोआप प्रसिद्ध व्हावा, अशी व्यवस्था करून मी झोपलो. आमच्या दवाखान्यातील सिस्टरना मी सर्व मसुदे आधी पाठवीत असे. पहाटे त्यांचा फोन आला. “सर, मी हे पाणी करून बघितलं. तोंडात धरवत नाही.”

मसुदा पुन्हा उघडला. पाण्यापुढे ‘एक लिटर’ नव्हते; ‘एक ग्लास’ होते.

सभासदांना याचा अर्थ सांगावयास नको. अर्धा चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ धरले, तर २०० मिलिलिटरच्या ग्लासात ते प्रमाण लिटरला १५ ग्रॅम होते. सोडियम अडीचशे मिलिमोलच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये ते लिटरला ७५ असते. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या मुलाला आईने हे पाणी चमच्याचमच्याने, मोठ्या विश्वासाने पाजले असते. कारण खाली आपल्या संघटनेचे नाव होते. त्या सकाळी सातला दहा मिनिटे कमी असताना मी तो संदेश काढून घेतला. हात थरथरत होता, हे कबूल करतो.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण नातेवाइकांच्या हाती देऊन पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. त्या उपचाराचे सारे सामर्थ्य योग्य प्रमाणात होते. तेच प्रमाण एका शब्दाने बिघडते. दोष यंत्राला देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. औषधाची चिठ्ठी कंपाउंडरने लिहिली तरी सही डॉक्टरचीच असते.

दुरुस्त संदेश असा गेला : “एक लिटर उकळून थंड केलेले पाणी. चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चव घेऊन पाहा; आसवांपेक्षा खारट लागल्यास फेकून द्या. पाकीट मिळताच तेच वापरा. मूल सुस्त झाले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर लगेच रुग्णालयात न्या.”

४. आता पाळीत असलेली पद्धत

या प्रसंगानंतर आम्ही चार नियम केले. पहिला, मात्रा, प्रमाण, दिवस आणि वय यांचा प्रत्येक आकडा लाल शाईने अधोरेखित करून प्रमाणित ग्रंथाशी किंवा शासकीय मार्गदर्शिकेशी ताडून पाहावयाचा. दुसरा, रात्री लिहिलेला संदेश सकाळी दुसऱ्या डॉक्टरने वाचल्याशिवाय वेळ लावावयाची नाही. तिसरा, कृती सांगणारा संदेश घरी करून पाहावयाचा. चौथा, संदेश दवाखान्यातील एखाद्या आजींना वाचून दाखवावयाचा. यंत्राने लिहिलेले ‘निर्जलीकरण’ त्यांना कळले नाही. ‘अंगातलं पाणी कमी होणं’ लगेच कळले. सीमाभागात तोच संदेश कन्नडमध्येही द्यावा लागतो. तो अनुवाद यंत्र करते, परंतु कन्नड ही ज्यांची घरची भाषा आहे अशा सहकाऱ्याने वाचल्याखेरीज आम्ही तो पाठवीत नाही.

एवढे करूनही महिन्याच्या कामाला आता दोन रविवारच्या सकाळी पुरतात. पूर्वी हे काम झालेच नसते, म्हणून यंत्राचा उपकार मी मानतो. वाचलेला वेळ मात्र विश्रांतीसाठी नसून तपासणीसाठी आहे, एवढेच तरुण सभासदांना सांगावेसे वाटते.

सिस्टरनी त्या पहाटे केलेले द्रावण ओतून दिले. पण तो चमचा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. नवा मसुदा तपासावयास बसलो की, आधी तो बाहेर काढतो.