तीरकामठा खुंटीवरून काढण्याआधी

पोरा, सुट्टीत धडगावला आलास की तुझा डोळा आधी आजाच्या तीरकामठ्यावर. काढ, पण आधी ऐक. घाईचा बाण घरच्याच कोंबडीला लागतो.

१. नेम कडब्याच्या पेंढीवर धरायचा, हरणावर नाही — १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या बांबूवर आपला हक्क मानला, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट वगळला.

२. नवा कामठा करायचा तर बांबू मानवेलाचा, दोन-तीन पावसाळे पाहिलेला घे आणि हिवाळ्यात तोड — कोवळा सुकताना चिरतो, रसाळ असेल तर घुण लागतो.

३. दोरीही बांबूच्याच कामटीची. ती घासल्यावर बोट फिरवून बघ — एवढंसं कुसळ राहिलं तरी सुटताना बोट सोलून काढतं.

४. काम झालं की दोरी एका टोकाची उतरव आणि काठी धूर पोचेल अशी टांग — सदा ताठ तो लवकर म्हातारा, आणि धुरातल्या बांबूला घुण शिवत नाही.

५. बाण न लावता दोरी ओढून सोडू नकोस, मित्रांना दाखवायला तर नाहीच — बाणात जायचा जोर काठीत परततो आणि काठी तडकते.

६. एका बाणाला कोंबडीच्या एकाच बाजूच्या पंखाची पिसं बांध — उजवी-डावी मिसळली की बाण भरकटतो.

७. बाणाच्या टोकाला गारेचं फळ बसवायचं खूळ तुझ्या डोक्यात आहे, ठाऊक आहे मला. बापजाद्यांची फळं लोहाराकडची, लोखंडाची. गारेचं काम त्याहून फार जुनं. १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळातली गारेची बारीक पाती निघाली. तू गार नदीच्या गोट्यांतून घे, जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावरून खडाही उचलू नकोस — तो कुठल्या थरात होता यातच त्याची सगळी गोष्ट असते.

८. गार फोडताना डोळ्याला चष्मा, मांडीवर जाड कापड, वारा पाठीशी — कपची डोळ्यात उडते, धूळ छातीत बसते. खाली गोणपाट अंथर आणि कपच्या खोल पुरून टाक. अंगणात पोरं अनवाणी असतात.

९. फळ चिकटवायच्या राळेत कोळशाची पूड आणि थोडं मेण घाल, वरून दोरा आवळ — नुसती राळ काचेसारखी तडकते.

१०. दोरी बोटांनी ओढ, अंगठा बाजूला — एकलव्याची आठवण म्हणून भिल्ल अंगठा लावत नाहीत, असं जुने सांगतात. अंगठा मध्ये आला की बाण वाकडा जातो, हेही आहेच.

११. पेंढीमागे मातीचा बांध हवा, आणि सोडण्याआधी बांधाच्याही पलीकडे बघ — मोहाच्या दिवसांत बाया पहाटेपासून झाडाखाली वाकून फुलं वेचत असतात. त्या दिसत नाहीत, टोपली तर नाहीच नाही. त्या महिन्यात सकाळी कामठा खुंटीवरच बरा.

१२. काठी गावच्या होळीला मिरवायला नेलास तर फळांना चिंध्या बांध — ढोल घुमला की आपलं टोक कुणाच्या बरगडीत आहे, हे नाचणाऱ्याला कळत नाही.

१३. भेकर बघायला जायचंय? जा, वारा तोंडावर घेऊन चाल, पण कामठा घरी ठेव — वनरक्षकाला तुझ्या मनातलं दिसत नाही, हातातलं दिसतं. आणि भाकर बांधून ने, बसावं लागेल बराच वेळ.